गुलाबी नाही, हळदी-कुंकू!

फ्लेमिंगो बघायचे म्हणून लाँग वीकेंड बुक केला आणि पोहोचले कुठे? थेट स्वतःच्या गावात! जालना ते पैठण, तीन दिवस, एक गाईड, एक दुर्बीण आणि सोबत माकडटोपी घातलेले बाबा...

दुपारचे अडीच. ऑफिसची कॅन्टीन. समोर गार झालेला मेदूवडा आणि मोबाइलवर एक मेल : 'मराठवाड्यातल्या पाणथळ जागा. २६ जानेवारीला जोडून तीन दिवस. गाईडसोबत पक्षिनिरीक्षण. फ्लेमिंगो, राजहंस, चक्रवाक. मुक्काम जालना आणि पैठण.'

"जालना?" शेजारच्या क्युबिकलवाली माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली, "तिथे काय आहे बघण्यासारखं?"

आता गंमत बघा. मी जालन्याची. बारावीपर्यंत तिथेच वाढलेली. 'जालना, सोने का पालना' ही म्हण ऐकत मोठी झालेली. स्टीलच्या मिल्स सांगू शकले असते, बियाण्यांच्या कंपन्या सांगू शकले असते, मोसंबी तर नक्कीच. पण बघण्यासारखं? मला पटकन काही सुचलंच नाही. त्या रागात मी फॉर्म भरला आणि पैसेही भरून टाकले.

घरी मात्र सांगितलं नाही. त्याचं कारण वेगळं होतं. दिवाळीत आई हळूच म्हणाली होती, "बाबा अंबडची जमीन काढायचं म्हणतायत. तुझ्याशी बोलतील." तेव्हापासून मी बाबांचे फोन कामात असल्यासारखे घेत होते. तुम्हीही घेत असालच. "हो बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते," आणि तो 'नंतर' कधी येत नाही. म्हटलं, या वेळी आपण टुरिस्ट. लॉजवर राहू, पक्षी बघू, सोमवारी पुण्याला परत.

पण जालना म्हणजे काही मुंबई नाही. बुकिंग केलेल्या लॉजच्या मॅनेजरनं माझं आडनाव वाचलं आणि तो बाबांच्या ओळखीचा निघाला. शुक्रवारी संध्याकाळी मी बसमध्ये बसते न बसते तोच आईचा फोन. "गावात घर असताना लॉजवर? लोक काय म्हणतील?"

संपलं. शनिवारी पहाटे पाच वाजता बाबा स्टँडवर स्कूटर घेऊन हजर. माकडटोपी, वर मफलर. "चल, कुठं सोडायचं तुला?"

घाणेवाडी, सकाळचे सव्वासहा

पहिला स्पॉट घाणेवाडीचा तलाव. कागदोपत्री नाव संत गाडगेबाबा जलाशय, पण जालन्यात कुणी तसं म्हणत नाही. शहराबाहेर, स्कूटरवर फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. निजामाच्या काळात जालन्याला प्यायचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला. याची खासियत म्हणजे इथलं पाणी उतारानं शहराकडे येतं, त्याला पंप लागत नाही. लहानपणी आमच्या नळाला जे पाणी यायचं, ते इथलं. मी त्यात अंघोळ केली होती, ते प्यायले होते, पण ते येतं कुठून हे बघायला कधी आले नव्हते.

आमचा ग्रुप आठ जणांचा. दोघं मुंबईचे, 'वंदे भारत'नं आदल्या दिवशीच आलेले, हातात तोफेएवढ्या लेन्स. एक नवं जोडपं. बाकी माझ्यासारखे 'पहिल्यांदाच' वाले. गाईड म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. आम्ही सगळे त्यांना 'सर'च म्हणत होतो. सरांचा पहिला नियम : "मोबाइल सायलेंट, परफ्यूम नाही, लाल शर्ट नाही. आणि मी बोट दाखवीन तिकडे बघू नका, आधी तुम्ही सांगा तुम्हाला काय दिसतंय."

मला काय दिसत होतं? पाणी. धुकं. आणि पाण्यावर काळे ठिपके.

दुर्बीण लावली आणि ठिपक्यांना चोची फुटल्या! काळाकुळकुळीत पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र ठसठशीत ठिपका. एक, दोन, पन्नास, मोजता येईनात. "हे वारकरी," सर म्हणाले, "बघा, कपाळाला गंध लावलंय आणि दिंडीनं चाललेत." इंग्रजीत त्याला कूट म्हणतात. सांगा बरं, कोणतं नाव लक्षात राहील?

मग नावांचा सपाटाच सुरू झाला. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं ते हळदी-कुंकू बदक. जरा चाहूल लागली की 'टुबुक' करून बुडी मारणारी ती टिबुकली. लांब लाल पायांवर काठ्यांवर चालल्यासारखा चालतो तो शेकाट्या. फावड्यासारख्या चोचीनं पाणी उपसत गोल गोल फिरतो तो थापट्या. मराठी पक्ष्यांची ही नावं गोळा करून 'पक्षीकोश' लिहिणारे मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. आपण मात्र अजून 'व्हाइट कलरची बर्ड' म्हणतोय.

आणि बाबा? ते 'सोडून येतो' म्हणून आले होते. स्कूटर स्टँडला लावून लांब उभे होते. घड्याळ बघत होते, पण जात नव्हते. सरांनी जादाची दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली. बाबांनी ती आधी उलटी लावली. मग सुलटी लावली आणि पाच मिनिटं बोललेच नाहीत.

नंतर म्हणाले, "सर, ती टिटवी दिसायली का? आमच्याकडं म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला. खरं असतं का हो ते?"

मला वाटलं सर हसतील. सर म्हणाले, "शास्त्रात आधार नाही काका. पण ती जमिनीवर अंडी घालते. पाणी कुठवर चढतं, याची काळजी तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

बाबा खूश. आणि मी चाट. हा प्रश्न मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

चिखल कुठाय?

दुपारी सरांनी एका शेतात हुरडा ठरवला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. जानेवारीत मराठवाड्यात येऊन हुरडा न खाता परत जाणाऱ्याला माफी नाही. पण आमच्या फोटोग्राफर मंडळींचा मूड जरा ऑफ होता. "सर, फ्लेमिंगो उद्या नक्की ना?"

सरांनी हात झटकले, एक काडी घेतली आणि जमिनीवर एक बशी काढली. "जायकवाडी धरण असं आहे. खोल नाही, पसरट. धरण पूर्ण भरलं की पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. आता फ्लेमिंगो जेवतो कसा? चोच उलटी पाण्यात घालून चिखल गाळतो. त्याला गुडघाभर पाणी लागतं आणि खाली मऊ गाळ. शेकाट्याला तर चार बोटं पाणी पुरतं. धरण तुडुंब भरलं, तर कडेला चिखलच उरत नाही."

"मग?"

"मग काय. सप्टेंबर २०२५ आठवतोय ना?"

आठवत होता. न आठवून कसं चालेल? मराठवाड्यात पावसानं कहर केला, गोदावरीला पूर आला, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, पैठणच्या खालची गावं पाण्यात गेली. अंबडला आमच्याही मोसंबीची फळगळ झाली, सोयाबीन शेतातच कुजलं. आईनं व्हिडीओ पाठवला होता. मी त्यावर रडका इमोजी टाकला होता.

"त्यामुळे धरण भरलेलं," सर म्हणाले. "ज्या वर्षी धरण भरतं, त्या वर्षी फ्लेमिंगो कमी दिसतात. पाणी उतरायला लागलं, गाळ उघडा पडला, की येतात. तुम्ही नेटवर बघता ते गुलाबी फोटो बहुतेक वेळा पाणी उतरल्यावरचे असतात."

दोन्ही लेन्सवाल्यांचे चेहरे पडले. माझाही पडला असावा. तीनशे किलोमीटर आले होते मी!

बाबा मात्र हुरड्याचे दाणे तोंडात टाकत शांतपणे म्हणाले, "नाही दिसले तर बरंच म्हणायचं की."

टाळकं सरकलं माझं. मग एकदम २०१३ आठवलं.

साडेचारशे झाडं

२०१२-१३ चा दुष्काळ. त्या उन्हाळ्यात जालना जिल्हा महाराष्ट्राच्या बातम्यांमध्ये रोज होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. टँकरची शिट्टी ऐकली की अर्धा गल्ला हंडे घेऊन धावायचा. मी तेव्हा शाळेत होते. मला आठवतं ते एवढंच, की बाबा महिनाभर अंबडलाच होते आणि एके दिवशी परत आले तेव्हा त्यांनी कुऱ्हाड आणली होती. साडेचारशे मोसंबीची झाडं होती आमची. विकतच्या टँकरनं दोन महिने जगवली. मग पैसे संपले.

मोसंबीचं झाड म्हणजे ज्वारी नव्हे, की यंदा गेली तर पुढच्या वर्षी पेरू. लावल्यावर चार-पाच वर्षं नुसतं सांभाळायचं, तेव्हा कुठे नीट फळ हाती लागतं. त्या वर्षी जिल्ह्यात हजारो हेक्टर बागा वाळल्या. नंतर २०१६ मध्ये 'जालना मोसंबी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या आधी, एप्रिल-मेमध्ये, जायकवाडी पुन्हा मृतसाठ्याच्या खाली गेलं होतं.

मृतसाठा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी हुरड्याच्या आगटीपाशी पहिल्यांदा नीट कळलं. जायकवाडीत एकूण मावतं सुमारे १०२ टीएमसी. त्यातलं खालचं २६ टीएमसी कालव्याच्या तोंडाला लागतच नाही. ते मृत. दुष्काळात मोटारी टाकून तेच उपसायचं आणि प्यायचं. आज जालना शहराला घाणेवाडीशिवाय पैठणहून पाइपलाइननंही पाणी येतं. म्हणजे उद्या ज्या तळ्यावर आम्ही फ्लेमिंगो शोधणार होतो, ते आईच्या स्वयंपाकघरातलं पिंप होतं.

नाथसागर : हिमालय ओलांडून हरभरा

रविवारी पहाटे साडेचारला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. एक सीट रिकामी होती. बाबा म्हणाले, "रस्त्यात आपलं शेत लागतं, तेवढं दाखवतो यांना," आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. आमच्या ट्रिपचा दुसरा गाईड!

अंबड मागे टाकलं, पाचोडला चहा झाला. पाचोड म्हणजे मोसंबीची मोठी बाजारपेठ. तिथून पैठण. उजाडताना आम्ही नाथसागराच्या काठावर होतो.

थोडी माहिती देते, म्हणजे तुम्ही गेलात तर कामाला येईल. धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली आणि उद्‌घाटन इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये. लांबी सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे २७. नावाचीही गोष्ट आहे. धरण आधी खाली, बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, पण नाव तेच राहिलं. जलाशयाला नाथसागर म्हणतात ते संत एकनाथांवरून. १९८६ मध्ये या पाण्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे माणसानं शेतीसाठी पाणी अडवलं आणि दहा वर्षांत ते पक्ष्यांच्या कागदपत्रांतही आलं. इथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत.

धुकं उठलं आणि समोर समुद्र. शब्दशः समुद्र! पलीकडचा काठ दिसत नव्हता. नदी सुरय पाण्यावर सूर मारत होते. दूर तलवार बदकांची लांबच लांब ओळ. चक्रवाकांची जोडी केशरी उन्हात केशरी दिसत होती. पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले, हॉस्टेलच्या गॅलरीतल्या टॉवेलसारखे. फ्लेमिंगो? शून्य.

"तिकडे," सर कुजबुजले.

काठावरच्या हरभऱ्यात पंचवीसेक राखाडी-पांढरे पक्षी चरत होते. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकादंब, काही जण यालाच राजहंस म्हणतात. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात. त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासात ते सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडताना नोंदले गेलेत. जिथे आपल्याला पायऱ्या चढायला ऑक्सिजन लागेल, तिथे हे पंख मारत जातात.

"आणि खातात काय?" बाबांनी विचारलं.

"गवत. कोवळी पिकं. हरभरा आवडतो."

बाबा इतके हसले की सरांनी तोंडावर बोट ठेवलं. "म्हणजे हिमालय वलांडून हरभरा खायला यायलेत?"

ज्यांचा हरभरा होता ते काका मात्र हसत नव्हते. ते सायकलवरून आले, एक टाळी वाजवली, आणि पंचवीस राजहंस आवाज करत उठले. लेन्सवाल्यांनी कपाळावर हात मारला. पण बाबा त्या काकांकडे गेले. पुढचा अर्धा तास दोघं बांधावर उकिडवे बसून बोलत होते. घाटेअळी, भाव, डीएपी, मुलं कुठे असतात. मीही जाऊन बसले.

त्यांच्या आजोबांची जमीन याच पाण्याखाली गेलेली. दरवर्षी धरणाचं पाणी उतरतं तसतसा गाळ उघडा पडतो, त्यात ते गाळपेर करतात. ना खत लागतं, ना फार पाणी. हरभरा, गहू, ज्वारी, जे साधेल ते. यंदा पाणीच उतरलं नाही, म्हणून त्यांची गाळपेर अडकलेली. पक्षी अभ्यासकांची गाळपेरीवर तक्रार असते, कारण ट्रॅक्टर, फवारणी, माणसांची वर्दळ नेमकी पाणपक्ष्यांच्या जेवणाच्या जागेत येते. काकांची पक्ष्यांवर तक्रार, कारण ते पीक खातात. आणि तरी बघा, फ्लेमिंगो आणि गाळपेरवाले काका यंदा एकाच चिखलाची वाट बघत होते! वाट बघत नव्हतं ते फक्त आमचं शहर. आम्हाला पाणी उतरायला नकोच होतं.

पाणी कुणाचं?

दुपारी पैठणमध्ये जेवलो. ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि खाणाऱ्यांसाठी नाथसागरातला तळलेला मासा. मग नाथांच्या समाधीचं दर्शन. मग पैठणीच्या मागावर. तिथे पदरावर मोर, राघू. ग्रुपमधल्या नवीन लग्न झालेल्या मुलीनं विचारलं, "यात फ्लेमिंगो नाही का?" विणणारे म्हणाले, "ताई, सांगा, काढून देतो." धम्माल!

संध्याकाळी पुन्हा काठावर. एक भोई दादा थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळं आवरत होते. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा. आम्हाला तसं पाण्यात जायचा मोह झाला, पण सरांनी साफ नकार दिला. लाइफ जॅकेट नाही, परवानगी नाही, आणि पक्षी उठतात.

त्यांच्याशी बोलताना आणखी एक विषय निघाला. नाथसागरावर तरंगत्या सोलर पॅनेलचा मोठा प्रकल्प यायचा आहे. बाष्पीभवन कमी होईल, वीज मिळेल, असं त्याचं समर्थन. पसरट धरणातलं पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन जातं, हे खरंच. पण मासेमारी कुठे करायची आणि पक्षी कुठे बसणार, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. मासेमारी करणाऱ्या समाजाकडून गेलेली याचिका २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

आणि पाणी येतं तरी कुठून? वरून. नाशिक-नगरच्या धरणांतून. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप आलं. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. मग दर दुष्काळात मोर्चे, कोर्ट, घोषणा. त्याच गोदावरीवर वर निफाडजवळ नांदूरमधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तेही बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं. म्हणजे आपल्याकडे पक्षी बघायला जाणं म्हणजे 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे नाही, बॉस. एक फ्लेमिंगो उभा राहायला नाशिकचा पाऊस, मंत्रालयातली बैठक, पाटबंधारे खात्याचं आवर्तन आणि कुणाचा तरी आटलेला नळ, एवढं सगळं लागतं.

सात मळकट

सोमवारी, २६ जानेवारी. पैठणहून परतताना एका शाळेत झेंडावंदन चाललं होतं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, आम्ही उतरून उभे राहिलो.

तिथून थोडं पुढे रस्त्याच्या कडेला एक पाझर तलाव लागला. छोटासा, कडेला चिखल. "धरण भरलं की पक्षी असे बारक्या तळ्यांवर विखुरतात," सर म्हणाले, "पाच मिनिटं थांबू."

पहिल्यांदा बाबांना दिसले. "ते काय आहेत? बगळे नाहीत."

लांब पाय. लांब मान, पाण्यात उलटी. सात. पण गुलाबी कुठे? मळकट, राखाडी, धुतलेल्या गोधडीसारखे. मी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा उजळला होता. "फ्लेमिंगोच. पिल्लं आहेत, वर्षाच्या आतबाहेरची. गुलाबी रंग जन्मतः नसतो, तो अन्नातून येतो, शेवाळ आणि बारीक जिवांमधून. खाऊन खाऊन चढत जातो. बहुधा कच्छच्या रणात जन्मलेली असतील."

लेन्सवाल्यांनी दोनशे फोटो काढले. मी एकही काढला नाही. बाबा शेजारी उभे होते.

"ते जमिनीचं," ते दुर्बिणीतून न हलता म्हणाले, "आईनं सांगितलं असंल तुला."

"हो."

"एजंट दोनदा येऊन गेला. भाव बरा द्यायलाय. तू काय परत यायची नाहीस. मी तरी किती दिवस करू?"

या प्रश्नाचं उत्तर तयार करून आले नव्हते मी. 'येईन' म्हणणं खोटं होतं. 'विका' म्हणणं जमत नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "बाबा, आपल्या शेततळ्यात पाणी आहे?"

"काठोकाठ."

"त्यावर पक्षी येतात?"

ते थांबले. "कधी बघितलं नाही."

जालना जिल्ह्यात शेततळी ही नवी गोष्ट नाही. कडवंचीसारख्या गावानं पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर कमी पावसात द्राक्षं पिकवून दाखवली, हे राज्यभर माहीत आहे. आमचं तळं त्यातलंच एक, प्लास्टिक अंथरलेलं चौकोनी, २०१३ नंतर खोदलेलं. मी आजवर त्याला मोठी टाकी समजत होते.

जालना स्टँडवर पुण्याच्या बसमध्ये चढताना दुर्बीण मी बाबांच्या गळ्यातच राहू दिली.

दहा-बारा दिवसांनी, भर स्टँड-अप मीटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. फोटो धूसर, अर्धं बोट लेन्सवर. काळं प्लास्टिक, पाणी, आणि पाण्यात दोन ठिपके. खाली बाबांचा व्हॉइस मेसेज : "हळदी-कुंकू आलंय दोन. चोच बघून वळखलं. आवाज न करता बसलो होतो तासभर."

मी मीटिंगमधून बाहेर आले आणि फोन लावला. 'नंतर करते' न म्हणता.

जमिनीचा विषय संपलेला नाही. एजंटला बाबांनी पावसाळ्यानंतर यायला सांगितलंय. शेजारच्या क्युबिकलवालीला मात्र माझ्याकडे आता उत्तर आहे. जालन्यात बघण्यासारखं काय आहे? पाणी. आणि त्यावर जे जे येऊन उतरतं ते सगळं.

जायचंय?

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फ्लेमिंगोच हवे असतील तर धरण किती भरलंय ते आधी बघा. तुडुंब असेल तर हिवाळा सरताना, पाणी उतरायला लागल्यावर जा. नाही दिसले तर रागावू नका, कुणाच्या तरी नळाला पाणी आहे.

कसं : मुंबईहून नांदेडची वंदे भारत जालन्याला थांबते. गाडीनं समृद्धी महामार्ग. पुण्याहून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर मार्गे जालना. संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किलोमीटर.

काय न्याल : ८ बाय ४० किंवा १० बाय ४२ ची दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, माकडटोपी (हसू नका, पहाटे कळेल), वही-पेन. फोनवर मर्लिन किंवा ईबर्ड अ‍ॅप घेतलंत तर ओळख पटवायला आणि नोंद करायला सोपं.

काय करायचं नाही : पक्षी उडवून फोटो काढणं, चिखलात गाडी घालणं, ड्रोन. अभयारण्य आहे, वनविभागाचे नियम विचारून घ्या.

आणि : स्थानिक गाईड घ्याच. जमलं तर बाबांनाही.